फ्रीजमधल्या बांगड्या

१

फ्रीजमधलं औषध गेलं, हे आण्णा चौगुल्यांना बुधवारी सकाळी कळलं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर फ्रीजचं दार लावून त्याला पाठ टेकून बसले. मग त्यांना वाटलं, असं बसलेलं पाहून तर माणूस जास्तच चौकशी करील. म्हणून ते उठले, पंखा लावला, डिसेंबरच्या थंडीत पंखा कशाला म्हणून बंद केला, आणि शेवटी जिना उतरून बसाप्पा हुक्केरींना सगळं सांगून टाकलं.

बसाप्पा हुक्केरी शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. खाली त्यांची पेढी, आणि वर माडीवर त्यांनीच फुकट दिलेल्या खोलीत ‘रक्तमित्र मंडळ’. हिमोफिलियाच्या पेशंटांना मदत मिळावी म्हणून आण्णांनी हे मंडळ काढलं होतं. ते स्वतःही पेशंटच. आपल्याला खरचटलं की थोडं रक्त येतं आणि गोठतं. यांचं गोठत नाही, कारण रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी एक यांच्या अंगात जन्मतःच कमी असतो. बाहेर वाहिलं तर निदान दिसतं तरी. सांध्यात आतल्या आत झिरपतं तेव्हा नुसता गुडघा फुगत जातो आणि माणूस रात्रभर ओरडतो. कुणाच्यात आठव्या नंबरचा घटक कमी, कुणाच्यात नवव्या नंबरचा. तो बाटलीतून मिळतो आणि शिरेतून देता येतो, पण त्या बाटलीची किंमत ऐकून चांगला खातापिता माणूस मटकन खाली बसतो. मंडळात या बाटल्यांना सरळ ‘आठ नंबर’ आणि ‘नऊ नंबर’ म्हणत. निम्मा खर्च हुक्केरी शेठ उचलत, निम्मा गावातून गोळा होई, आणि पेशंटनं जमेल तेवढं द्यावं असा रिवाज होता. बऱ्याच जणांना काहीच जमत नसे, आणि आण्णा त्यांना काही विचारत नसत.

गेल्या होत्या त्या आठ नंबरच्या बाटल्या, सोमेशसाठी आणून ठेवलेल्या. सोमेश हा कॉलेजात शिकणारा पोरगा, अक्कलदाढ किडून त्याचा गाल टम्म सुजला होता. दाढ काढणं तुमच्याआमच्यासाठी किरकोळ काम, पण या पोरांच्या ते जिवावर बेततं. बाटल्या हाताशी असल्याशिवाय दाताचे डॉक्टर त्याला खुर्चीत बसवून घ्यायला तयार नव्हते.

बसाप्पांनी सगळं ऐकलं. “रविवारी बैठक हाय. तवर चोर घावला पायजे. न्हाईतर मी हात काढून घेतला. मंडळ बंद.”

“आन् सोमेशची दाढ वो शेठ?”

“माझ्या पैशाच्या बाटल्या चोरीला जात्यात, आन् तुमी मला दाढ सांगताय व्हय!” बसाप्पा गरजले. मग जरा आवाज उतरवून म्हणाले, “पोलिसात जाऊ नका. पेशंटांची नावं गावभर हुतील. त्या विम्याच्या बाईला बोलवा. माझ्या गोदामाच्या आगीचा दावा निम्म्यावर आणला तिनं. आजून पोटात दुखतंय माझ्या. पर बाई पक्की हाय.”

विम्याची बाई म्हणजे वर्षाराणी इंगवले. विमा कंपनीत दावे तपासायचं काम करायच्या. आग खरंच लागली की लावली, म्हैस खरंच मेली की विकली, हे शोधून काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. लोक त्यांना नाक खुपसणारी म्हणत, आणि त्यांना ते मुळीच लागत नसे. कारण ते खरं होतं. शेजारच्या घरात भांडं पडलं तरी कोणतं पडलं हे कळेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे.

दुपारी त्यांनी पेढीसमोर लुना लावली आणि माडी चढल्या. आण्णांनी दाराला आतून कडी घातली, खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली.

“ह्ये शेठना दावलं न्हाई मी. बाटल्यांच्या जागी घावलं.”

वर्षाराणींनी पुरचुंडी सोडली. आत लहान मुलीच्या हातातल्या चार सोन्याच्या बांगड्या होत्या.

२

“चोरानं चोरी केली आणि वर दाम ठेवून गेला?” वर्षाराणींचे डोळे चमकले. आगीच्या, म्हशींच्या इतक्या भानगडी पाहिल्या, पण असला चोर पाहिला नव्हता.

“म्हणूनच लपवल्या. लोक म्हणतील, आण्णानं बाटल्या सोनं घिऊन इकल्या.”

हे म्हणायला लोक कमी करणार नाहीत, हे वर्षाराणींनाही पटलं. फ्रीजची किल्ली आण्णांच्या करदोट्याला बांधलेली असे आणि आंघोळीलाही सुटत नसे. कुलूप फोडलेलं नव्हतं. खोकी जागच्या जागी होती, आतल्या बाटल्या मात्र गायब. औषध विरघळवायचं पाणी आणि सुयाही गेल्या होत्या. शेजारी नऊ नंबरच्या बाटल्यांची खोकी होती. त्यांना हातसुद्धा लागला नव्हता.

“नऊ नंबर महाग का आठ?”

“नऊ महाग.”

म्हणजे चोर विकणारा नव्हता. आठ आणि नऊ यांतला फरक त्याला कळत होता, आणि त्याला आठच हवं होतं. वर्षाराणींनी फ्रीजचं कुलूप बोटानं चाचपलं. जुन्या घरगुती फ्रीजना असतं तसंच, दारातच बसवलेलं.

“हा फ्रीज कुठला?”

“शेठच्या घरातला. त्यांनी मोठा घेतला आन् ह्यो मंडळाला दिला.”

“याची दुसरी किल्ली?”

“आला तवा एकच हुती की.” आण्णा थबकले. “दुसरी आसती व्हय?”

“फ्रीजबरोबर दोन देतात आण्णा.”

आण्णांनी तोंडावर हात ठेवला. सोमवारी संध्याकाळी बाटल्या होत्या हे नक्की. मंगळवारी ते गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात गेलेले. खोलीची किल्ली मंगळवारी खाली पेढीवर खुंटीला असते आणि जिना पेढीतूनच चढतो. दिवाणजींनी सांगितलं, मंगळवारी तिघंच वर गेली. इंजेक्शनं देणारी नर्स शालूबाई आपला डबा विसरली होती, तो न्यायला. रुद्रेश कुंभोजे नावाचा पेशंट, आण्णांना शोधत. आणि शेठच्या मंडळी रत्नव्वा, नेहमीसारख्या दुधाची किटली घेऊन. मंडळाच्या चहाचं दूध दर मंगळवारी शेठच्या घरून यायचं.

“रुद्रेश कशाला शोधत होता तुम्हाला?”

आण्णा खाली बघत म्हणाले, “गेल्या आठवड्यात त्यानं आठ नंबर मागितला. मी न्हाई म्हटलं, सोमेशचं हाय म्हणून. तर जाताना म्हणाला, तुमी देत न्हाई तर मी घिऊन जाईन.”

“त्याला मूलबाळ?”

“एक पोरगी हाय,” आण्णा म्हणाले, “ल्हान.”

दोघांचंही लक्ष टेबलावरच्या बांगड्यांकडे गेलं.

३

सरळ रुद्रेशकडे जावं असं कुणालाही वाटलं असतं. वर्षाराणी आधी शालूबाईंकडे गेल्या. समोर दिसणाऱ्या दाव्यावर लगेच सही करायची नाही, ही त्यांची जुनी खोड.

शालूबाई धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी चोरीचं ऐकलं आणि हातातलं लुगडं पिळता पिळता अशी नजर टाकली, की वर्षाराणी एक पाऊल मागे सरकल्या.

“माझ्यावर संशय घ्यायला आलायसा व्हय? घ्या की! पर आधी मला सांगा, बाटली नेऊन चोर काय करनार? दुधात घालून पिनार? ती शिरेत द्यायला लागती. सुई बराबर बसायला लागती. आडान्याचं काम न्हाई त्ये.”

“म्हणजे चोराकडे डॉक्टर आहे.”

“न्हाईतर मी. आन् मी दिली न्हाई.” शालूबाईंनी लुगडं झटकलं. “दुसरी गोष्ट सांगतो. आपल्या समद्या पेशंटांची दारं मला ठावं हायत. कुनाचा गुडगा सुजला, कुनाचं नाक वाहिलं, पहिला निरोप मलाच येतोय. ह्या आठवड्यात कुनाचाच आला न्हाई.”

“रुद्रेश?”

“त्याचं कोपर सुजलं हुतं, उतरलं. काल शिव्या घालायला आल्ता मला, म्हंजे ठणठणीत हाय.” मग त्या जरा थांबल्या. “बाई, बाटल्या कुनाच्या तरी अंगात गेल्यात. आन् त्यो कोन हाय त्ये मला ठावं न्हाई, ह्येच मला झोप येऊ देईना.”

शालूबाईंनी तिथंच उभ्याउभ्या वर्षाराणींना आजाराचं गणित सांगितलं. हा आजार मुलग्यांना होतो. बायकांच्या पोटातून पुढं जातो, पण बायकांना स्वतःला होत नाही. मंडळात एकूण एक पुरुष आणि पोरगे. मदत मागायला येतात त्या त्यांच्या आया.

वर्षाराणी लुनावर बसल्या खऱ्या, पण ती सुरू करायचं विसरून गेल्या. कोल्हापुरात किंवा आसपास एक मुलगा आहे, त्याला आठ नंबर लागतो, त्याच्या घरी शेठच्या जुन्या फ्रीजची किल्ली आहे, आणि मंडळात त्याचं नाव कुणी कधी ऐकलेलं नाही. मदत फुकट मिळत असताना कुणी सोनं ठेवून चोरी का करावी?

४

हुक्केरींच्या पेढीवर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, छतापर्यंत रचलेले होते आणि वास असा, की नुसत्या श्वासानं तोंड गोड व्हावं. बसाप्पा गादीवर बसले होते. त्यांनी उजवा हात पोटाशी धरूनच नमस्कार केला. दिवाणजी शेजारी बसून त्यांना सुपारी कातरून देत होते. सुपारी खायची हौस, पण अडकित्ता दुसऱ्याच्या हातात. श्रीमंतीचे नखरे, असं वर्षाराणींनी मनात म्हटलं.

“घावला का चोर?”

“किल्ली घावली. म्हणजे कुठं असेल ते. शेठ, तुमच्या जुन्या फ्रीजची दुसरी किल्ली?”

बसाप्पांना राग येईल असं वाटलं होतं, पण ते खो खो हसले. “म्हंजे मीच चोर! माझ्याच पैशाची बाटली मीच चोरली! बाई, आगीच्या वक्ताला बी तुमी आसंच म्हणाला हुतासा.”

“तेव्हा निम्मं खरं निघालं होतं.”

दिवाणजींचा अडकित्ता हवेतच राहिला. बसाप्पा मात्र पुन्हा हसले. माणूस तसा दिलदार होता.

“किल्लीचं आमच्या मंडळींना इचारा, घर त्यांच्याकडं. घरात आमी दोगंच हाय आता. पोरगं न्हाई आमाला, येकच पोरगी. सौंदर्या. ती बी आत्याकडं गेलीया कुरुंदवाडला.”

घर पेढीच्या मागेच होतं. रत्नव्वा चाळिशीच्या आतबाहेरच्या, कपाळावर विभूती, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढं वाकावं लागे. त्यांनी चहा दिला. किल्लीचं विचारल्यावर म्हणाल्या, “बघाय पायजे. जुन्या किल्ल्या लई हायत.” पण बघायला उठल्या नाहीत. वर्षाराणींनी ते पाहून ठेवलं.

भिंतीवर शाळेच्या स्पर्धेतल्या एका मुलीचा फोटो होता. सातवी-आठवीतली, दोन वेण्या, आणि एका गुडघ्यावर पट्टी.

“ही सौंदर्या? चाचणी परीक्षा झाली का हिची?”

“चाललीया शाळेत परीक्षा.” रत्नव्वांनी पदर सावरला. “तिला बरं नव्हतं. माझ्या म्हायेराला धाडलीया, कुरुंदवाडला. आई हाय माझी तितं.”

वर्षाराणींचा कप बशीवर टेकता टेकता राहिला. बाप म्हणतो आत्याकडं. आई म्हणते माहेरी. परीक्षा बुडवून मुलगी कुठं गेली हे दोघांपैकी एकाला तरी नक्की माहीत असणार, आणि एक जण नक्की खोटं बोलत होता. त्यांनी इतक्या खोटं बोलणाऱ्यांना पाहिलं होतं, की खोटं बोलताना माणसाच्या मानेत काय होतं हेसुद्धा त्यांना पाठ होतं. पण बसाप्पांची मान ताठ होती, आणि रत्नव्वांचीही.

५

शुक्रवारी त्या रुद्रेशच्या गॅरेजवर गेल्या. तो रेडिएटरची नळी उलटीसुलटी करून बघत होता. पांढऱ्या फ्रॉकमधली त्याची पोरगी शेजारी स्टुलावर बसून नटबोल्ट मोजत होती. हातात काचेच्या बांगड्या.

वर्षाराणींनी पुरचुंडी उघडून दाखवली. “ओळखतोस?”

“सोनं हाय एवढं वळकतो.” रुद्रेशनं हात पुसले. “बाई, माझ्या पोरीच्या हातात सोनं आसतं, तर मी आण्णांकडं भीक मागितली आसती व्हय? बोलून गेलतो रागानं. सोमेशची दाढ ठणकतीया आन् मी त्याच्या बाटल्या नीन? आमच्यात आसलं न्हाई हुत. ज्याला दुखतंय त्यालाच दुसऱ्याचं दुखणं कळतंय.”

त्यानं हे इतक्या सरळ सांगितलं, की वर्षाराणींनी पुरचुंडी बांधून टाकली. मग उगीच, नुसत्या चौकसपणानं, त्यांनी स्टुलावरच्या पोरीकडं बघत विचारलं, “हिला हा आजार नाही ना होणार?”

“न्हाई. मी मुद्दाम परक्या घरातली बायकू केली.”

“त्यानं काय होतं?”

“माझ्या मामालाबी ह्योच आजार. मामाची पोरगी मला सांगून आल्ती. डाक्टर म्हणालं, खुळ्या, तितं करू नको. बापाला आजार आसला आन् आईच्या रगतातबी त्योच आसला, तर पोरीलाबी हुतोय. पोरीला दोन्हीकडनं यायला लागतो. लोकं म्हणत्यात बायकांना हुत न्हाई, पर येकाच घरात सोयरीक केली की हुतोय कवा कवा.” रुद्रेशनं नळीत फुंकर मारली. “आमच्यात नात्यातलं सोयरं लई. मामाची पोरगी करत्यात, सख्ख्या मामालाबी पोरगी देत्यात. घरातली शेती घरात ऱ्हाती म्हणं.”

वर्षाराणी पुरचुंडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

सख्ख्या मामाला. म्हणजे मुलीचा नवरा तिच्या आईचा भाऊ. म्हणजे त्या दोघांच्या पोटी जी पोरगी होईल, तिच्या आजीचं घर आणि तिच्या आत्याचं घर ही दोन घरं नव्हतीच.

कुणीच खोटं बोलत नव्हतं!

“रुद्रेश,” त्या लुनाकडे धावत म्हणाल्या, “कुरुंदवाडची गाडी किती वाजता आहे रे?”

६

घर कुरुंदवाडच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. दार उघडलं ते साठीच्या, ताठ कण्याच्या बाईनं, आणि वर्षाराणींना बसाप्पांचंच नाक दुसऱ्या चेहऱ्यावर दिसलं. गल्लीत सगळे त्यांना आक्का म्हणत. मागून रत्नव्वा आल्या. त्या आदल्या संध्याकाळीच पुन्हा इथं आल्या होत्या.

“या पावणं,” आक्का म्हणाल्या, पण दारातून हलल्या नाहीत.

वर्षाराणींनी पुरचुंडी रत्नव्वांच्या हातात ठेवली. “वहिनी, या सौंदर्याच्या आहेत. आत येऊ का?”

रत्नव्वांनी आक्कांना हातानं बाजूला केलं. आतल्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर फोटोतली मुलगी उशीला टेकून बसली होती. ओठ फिके होते आणि डोळे मोठे दिसत होते, पण हातात पेढा होता आणि तो ती चवीनं खात होती. वर्षाराणींच्या छातीवरचा धोंडा उतरला. बाटल्या ज्याला दिल्या तो पेशंट धड सापडेल की नाही, याचीच दोन दिवस त्यांना भीती वाटत होती.

त्या ओट्यावर बसल्या आणि एकेक सांगत गेल्या. किल्ली शेठच्या घरची, पण घरात आजारी मुलगा नाही, म्हणून त्यांनी ते घर सोडून दिलं होतं. आठ आणि नऊ कळणारा चोर, म्हणजे आठ नंबरचा आजार घरात असलेला. शेठचा उजवा हात सरळ होत नाही, नमस्कारालाही. आण्णांचा गुडघा तसाच झालाय, आतल्या रक्तस्रावानं. शेठ अडकित्ता हातात घेत नाहीत तो श्रीमंतीमुळे नाही, भीतीमुळे. पेशंट शेठ स्वतः आहेत. पण शेठना हवं असतं तर त्यांनी औषध विकत घेतलं असतं, सोनं ठेवून चोरलं नसतं. मग राहिली ती मुलगी. आणि मुलीला तो आजार व्हायला आई त्याच घरातली असायला हवी.

“तुम्ही म्हणालात माहेर, ते म्हणाले आत्याचं घर. आक्का, तुम्ही शेठच्या थोरल्या बहीण, आणि रत्नव्वांच्या आई.”

“व्हय,” आक्का म्हणाल्या. “मीच दिली ह्यास्नी. लेक डोळ्यासमोर ऱ्हाईल म्हणून.”

रत्नव्वा आता रडत होत्या. पोरीला पहिल्यांदा न्हाण आलं आणि रक्त थांबेचना. लहानपणापासून अंगावर निळे डाग पडत, पण ‘मुलींना होत नाही’ हे मंडळाच्या बैठकीत इतक्यांदा ऐकलेलं, की मनाला शिवलंच नाही. इथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मिरजेला रक्त तपासून घेतलं आणि म्हणाले, आठ नंबर आणा, आत्ताच्या आत्ता.

“शेठना का नाही सांगितलंत?”

“त्यांनी सोताच्या दुखण्याचं नाव माझ्यासमोरबी कदी घेतलं न्हाई. दुखाय लागलं की मुंबईला जात्यात, गुळाचा सौदा हाय म्हणून. आमच्या पोरीला ह्ये माझ्यामुळं झालं, आसं कळलं आसतं तर… मागून घेतल्या आसत्या तर आण्णांनी इचारलं आसतं, कुनासाठी. सोमेशचं हाय ह्ये मला ठावं न्हवतं बाई. शपथ. मला वाटलं, ज्याचं आसंल त्याला सोनं इकून नव्या आणता येतील. किटलीत बरफ घातला आन् त्याच दिवशी हितं आणून दिल्या. निम्म्या ऱ्हायल्यात. आक्काच्या फ्रीजात हायत.”

वर्षाराणी मनातल्या मनात हिशेब मांडू लागल्या. नाव सांगावं तर या पोरीचं लग्न, घराची अब्रू, सगळं गल्लीच्या तोंडात जाणार. न सांगावं तर रविवारी मंडळाला कुलूप, आण्णा चोर ठरणार, आणि सोमेशसारखी पोरं उघड्यावर. आजवर त्यांनी शेकडो दावे निकालात काढले होते. या दाव्यात कापाकापी करायला त्यांना जागाच दिसेना.

“मी शेठना एकट्यांना सांगीन,” त्या शेवटी म्हणाल्या. “पुढचं त्यांचं ते ठरवतील. पण तुम्ही सगळ्या चला.”

७

रविवारी बैठकीच्या आधी पेढीचं मागलं दार लावून घेतलं. बसाप्पांनी बांगड्या पाहिल्या आणि बघताक्षणी ओळखल्या. बारशाला त्यांनीच घडवलेल्या होत्या. वर्षाराणींनी मोजक्या शब्दांत सांगितलं. रत्नव्वा भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“मुलींना हुत न्हाई ह्यो आजार,” बसाप्पा म्हणाले. आवाज अगदी लहान मुलाचा झाला होता. “पुस्तकात लिवलंय.”

“दोन्हीकडनं आला तर होतो शेठ.”

ते गादीवर बसले. वर माणसं जमत होती, जिन्यावर काठ्या वाजत होत्या. सौंदर्या आक्कांबरोबर आधीच वर जाऊन बसली होती. कुणी काही विचारलंच तर पाहुणी म्हणून.

“बाई, तुमी वर काय सांगणार?”

“उरलेल्या बाटल्या परत आल्या, एवढंच. चोर कोण ते विचारू नका, असं तुम्ही म्हणालात तर कुणी विचारणार नाही. तुमचा शब्द कोण मोडतो?”

“आन् आण्णा?”

“आण्णांना लोक आयुष्यभर विचारतील.”

बसाप्पांनी मान हलवली. इतक्या वर्षांत त्यांनी किती पोरांचे पाय वाचवले होते. पण बैठकीत बसताना ते नेहमी खुर्चीवर, पुढं, पाहुण्यासारखे. सतरंजीवर पेशंटांच्यात ते कधी बसले नव्हते. त्या माणसांवर त्यांचा जीव होता आणि त्यांच्यातला एक होण्याची त्यांना भीती होती, एवढंच ते सगळं कोडं होतं. वर्षाराणींना त्यांचा राग आला आणि कीवही आली.

जिना चढायला बसाप्पांना वेळ लागला. खोलीत शिरताच सगळे त्यांच्याकडे वळले. सोमेश गालाला रुमाल बांधून कोपऱ्यात होता. आण्णा उभे राहिले, खाली मान घालून.

“आण्णा, बसा तुमी,” बसाप्पा म्हणाले. “चोर माझ्या घरातला हाय. माझ्या बायकूनं नेल्या बाटल्या. माझ्या पोरीसाठी.” त्यांनी आक्कांजवळ बसलेल्या सौंदर्याकडे हात केला. “तिला आठ नंबर हाय. पोरींस्नीबी हुतंय, आज मला कळलं. आन् मलाबी हाय. जन्मापास्नं. मी तुमाला सांगितलं न्हाई, म्हणून माझ्या घरात ह्यी येळ आली.”

शालूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मग, बहुधा डोळे पुसल्याचा राग येऊन, खेकसल्या, “मग उभं का ऱ्हायलाय शेठ? गुडगं धरत्याल की! बसा खाली!”

रुद्रेशनं सरकून सतरंजीवर जागा केली. बसाप्पा खुर्चीकडे गेले नाहीत. भिंतीचा आधार घेत, एकेक पाय वाकवत, खाली बसले.

“सोमेशची दाढ उद्या काढायची,” ते म्हणाले. “उरलेल्या बाटल्या आणल्यात, कमी पडतील त्या आजच मुंबईस्नं मागवतो. आन् आण्णा, हितनं पुढं मदत मागाय पोरगी आली तर तिला माघारी धाडायचं न्हाई.”

“न्हाई शेठ,” आण्णा म्हणाले.

सौंदर्या आक्कांच्या मांडीजवळून उठली. इतकी माणसं, इतक्या काठ्या, इतके वाकडे गुडघे तिनं पहिल्यांदाच बघितले होते. सगळ्यांवरून नजर फिरवत ती बापाजवळ आली आणि त्याच्या शेजारी बसली.

“आप्पा, ह्या समद्यांस्नी माझ्यासारखंच हाय?”

“व्हय.”

“आन् तुमालाबी?”

“व्हय गं बाई.”

तिनं जरा विचार केला. मग बापाचा न सरळ होणारा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

“मला वाटत हुतं,” ती म्हणाली, “मी येकटीच हाय.”